माझी कवळी धरा

माझे दात पहिल्यांदा पाण्यात पडले ते आमच्या पनवेलच्या बाथरूममध्ये, बादलीत. वरची कवळी टप्पकन सुटली, तळाशी जाऊन बसली आणि तिथून माझ्याकडे बघून हसत राहिली. मी बादलीवर वाकलेली, डोळ्यांवर पाण्यात घालायचा मोठा चष्मा, तोंडात वाकडी नळी. दाराबाहेरून नवरा विचारत होता, "अगं, एवढा वेळ काय करतेस आत?" मला उत्तर देता येईना, कारण उत्तर द्यायला लागतात ते दात बादलीत होते.

हा सगळा उपद्व्याप मॅडमचा. मॅडम म्हणजे आमच्या सोसायटीतल्या, बँकेतून रिटायर झालेल्या बाई, मूळच्या पुण्याच्या. आमच्याकडे सगळ्या एकमेकींना वहिनी, काकू, ताई म्हणतात, पण त्यांना वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे मॅडमच म्हणतात. सकाळी वडाळे तलावाला फेऱ्या मारणाऱ्या आम्हा बायकांचा एक ग्रुप आहे आणि त्याचा कारभार मॅडमच्या हातात. त्यांनी ठरवलं की या वर्षी गोवा, आणि गोव्याला देवळं नाहीत, खरेदी नाही, तर पार्टी बोट. बोटीवर गाणी, नाच, जेवण, आणि मध्येच एका बेटाजवळ नांगर टाकून स्नॉर्केलिंग. म्हणजे पाण्यावर पालथं तरंगायचं, तोंड पाण्यात, श्वास नळीतून, आणि खालचे मासे बघायचे. मॅडमनी ग्रुपवर व्हिडिओ टाकला, सगळ्यांसाठी नळ्या आणि चष्मे मागवले आणि हुकूम सोडला की प्रत्येकीने घरी बादलीत सराव करून यायचं.

व्हिडिओतली मुलगी नळीच्या टोकाचा रबरी तुकडा ओठांच्या आत घेत होती आणि दातांनी चावून धरत होती. तिचे दात तिचे होते. माझे डॉक्टरांनी साचा घेऊन करून दिलेले. रबर आत सरकवलं की वरची कवळी सुटायची, ती जिभेने दाबून धरावी तर खालची उचलायची. कवळी चिकटवायची पेस्ट भरपूर लावून पाहिली. त्याने एवढंच झालं की कवळी नळीला चिकटली. शेवटी संतापून मी दोन्ही कवळ्या काढल्या, साबणाच्या डबीत टाकल्या आणि नुसत्या हिरड्यांनी नळी धरली. तर ती अशी पक्की बसली की हाताने ओढली तरी सुटेना. बादलीत तोंड घालून मी खुशाल श्वास घेत बसले. म्हणजे मार्ग सापडला, आणि सापडला तो हा असा. पाण्यात उतरायचं तर बोळक्या तोंडाने उतरायचं, सगळ्या ग्रुपसमोर. आणि माझ्या तोंडात एकही दात माझा नाही हे ग्रुपमध्ये कुणालाच माहीत नव्हतं.

कुणालाच म्हणजे कुणालाच. माझ्या नवऱ्याला दात खोटे आहेत हे ठाऊक आहे, पण त्याने मला दातांशिवाय कधी पाहिलेलं नाही. डॉक्टर सांगतात झोपताना काढून ठेवा. मी ठेवत नाही. सून घरात आल्यापासून तर बाथरूमची कडी दोनदा तपासते. फोटोत मी ओठ मिटून हसते, त्यामुळे आमच्या नातेवाइकांत माझी ख्याती फार गंभीर बाई अशी आहे. मी गंभीर वगैरे काही नाही.

दात गेले मिश्रीने. ज्यांना मिश्री माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरून पूड करायची आणि सकाळी उठल्यावर बोटाने हिरड्यांना लावून बसायचं. आमच्या गावात चहाच्या आधी मिश्री असायची. मला ती आवडायची. तिच्या त्या कडक झिणझिणीनेच माझा दिवस सुरू व्हायचा. आता यावरून मला कुणी व्याख्यान देऊ नये, कारण ती व्याख्यानं मी स्वतः दिलेली आहेत. मी अंगणवाडी सेविका होते. जन्मभर पोरांना रांगेत उभं करून दात घासायला शिकवलं आणि एकेका दाताला निरोप देत आले. मिश्री सुटली तोवर जे राहिले होते तेही हलत होते. डॉक्टरांनी सगळे काढले आणि ही दोन गुलाबी यंत्रं दिली.

माझ्या आईचंही तोंड माझ्या लग्नाआधीच बोळकं झालं होतं. तिला कुणी कवळी दिली नाही आणि तिने मागितली नाही. बोळकं तोंड घेऊन ती लग्नात धवले, म्हणजे आमच्याकडची लग्नातली गाणी, म्हणायची, मांडवातल्या बायकांत तिचा आवाज सगळ्यांच्या वर. हसायची तेव्हा टाळूपर्यंत तोंड उघडायचं. कडक भाकरी आमटीत भिजवून खायची, चिंबोरीचा, म्हणजे खेकड्याचा, नांगा दगडाने फोडायची आणि आपलं काही कमी आहे असं तिच्या मनातही नसायचं. मग ही लाज माझ्याकडे आली कुठून, हे मी पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं आहे.

आली ती पनवेलला फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर. एका हळदीकुंकवाला मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "त्या मिश्री लावणाऱ्या बायका बोलायला लागल्या ना, की मला तोंडच फिरवावं लागतं. बघवत नाही." कुणाला उद्देशून नव्हतं ते. जिना झाडायला येणाऱ्या बाईवरून विषय निघाला होता. सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले, ओठ मिटून, माझ्या स्वच्छ पांढऱ्या दातांवर. त्या संध्याकाळी घरी येऊन मी तिळगुळाची वाटी ओट्यावर इतक्या जोरात आपटली की नवरा बाहेर आला. तेव्हापासून सोसायटीत बोलताना मी 'हाय' आणि 'नाय'ही सोडून दिलं. 'आहे' आणि 'नाही' म्हणायला लागले, अगदी व्यवस्थित, बातम्या देणाऱ्या बाईसारखं.

मला पाण्यात का उतरायचं होतं, तेही सांगायला हवं. मासे बघायची हौस म्हटलं तर ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

आमचं गाव उलव्याच्या बाजूला, खाडीच्या काठाला होतं. होतं म्हणते, कारण आता तिथे विमानतळ आहे. आई मिठागरात कामाला जायची आणि ओहोटी लागली की खाडीत चिंबोऱ्या आणि निवट्या धरायला. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा बोटभर मासा, त्याचं कालवण ज्याने खाल्लं त्यालाच कळतं. मी तिच्यामागे टोपली घेऊन. खाडीचं पाणी दुधाच्या चहासारखं. गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तरी स्वतःचं पाऊल दिसायचं नाही. मी वाकून वाकून, डोळे ताणून खाली बघायची आणि आई ओरडायची, "डोल्यान नाय पोरी. पायान बग."

मग मी पायाने बघायला शिकले. पायाला लागतो तो दगड की चिंबोरीची पाठ, हे तळव्याने ओळखायचं. चिखल मऊ लागला तर पुढे जायचं, गार लागला तर मागे फिरायचं, कारण गार म्हणजे खोल. बीळ कुठे आहे ते अंगठा सांगायचा. चिंबोरीने अंगठा धरला तर ओरडायचं नाही, कारण ओरडलं की ती आणखी घट्ट धरते. भरती चढली की आई काष्टा वर खोचायची, टोपली डोक्यावर एका हाताने धरायची आणि दुसऱ्या हाताने पाणी कापत पलीकडे जायची. मी तिच्या मागे. पाण्याची भीती ही गोष्ट आमच्या घरात कुणी कुणाला शिकवली नव्हती आणि कुणी शिकलंही नव्हतं.

पण खाली काय चालतं ते मी कधी पाहिलं नाही. एवढं बालपण त्या पाण्यात गेलं, आणि त्यातलं मला जे माहीत ते सगळं तळपायांना माहीत. वाटायचं, मोठी झाल्यावर कधीतरी बघू. मग जमिनी गेल्या, प्लॉट मिळाले, गाव उठलं, भराव पडला. जिथे आई पोहायची तिथे डंपर फिरायला लागले. मुलाने कळंबोलीच्या लोखंड बाजारात धंदा टाकला, आम्ही पनवेलला आलो. त्यानंतर मी खाऱ्या पाण्यात गेले नाही. ग्रुपबरोबर अलिबागला घोट्यापर्यंत पाण्यात उभं राहून सेल्फी काढली आहे, पण त्याला मी पाण्यात जाणं म्हणत नाही. म्हणून तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा लावून पाहिला. निळ्या पाण्यात तळ स्पष्ट दिसत होता, वाळूचा कण न् कण. मला मरायच्या आधी एकदा डोळ्यांनी खाली बघायचं होतं. आणि ते दातांपायी राहणार होतं.

तरी मी घाबरटासारखं निमित्त तयार ठेवलं होतं. शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणारी माझी मैत्रीण, वयाने माझ्या सुनेपेक्षा थोडी मोठी, शाळेत शिक्षिका, तिला मी आठवडाभर सांगत होते की मला सर्दीसारखं होतंय. ती म्हणायची, "काकू, तुम्ही नाही उतरलात तर मी पण नाही हं. मला तुमच्याच जिवावर यायचंय." मी नाक ओढायची.

विमान आमच्या नव्या विमानतळावरून होतं. सगळ्या खूश, टॅक्सीत बसलं की पोचलं. मॅडमनी मला मुद्दाम खिडकी दिली. विमान धावपट्टीवर धावायला लागलं तेव्हा मी अंदाज घेत होते की होळीचं मैदान कुठे असेल आणि विहीर कुठे. काही लागत नव्हतं. सगळं सपाट, सगळं सिमेंटचं. मॅडम माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या, "वहिनी, काय कायापालट केलाय बघा. आधी काय होतं इथे, नुसती दलदल."

"आमचं घर होतं," मी म्हटलं.

मॅडम "अच्छा" म्हणाल्या आणि पट्टा घट्ट करायला लागल्या. त्या वाईट नाहीत. त्यांना सुचलं नाही एवढंच. विमान वर उठलं, खाडीचा एक तुकडा खाली चमकला आणि ढगात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट. आम्हा सगळ्यांच्या अंगात मॅडमनी छापून घेतलेले पिवळे टीशर्ट, पाठीवर 'जलपऱ्या'. माझ्या मापाचा टीशर्ट मिळाला नव्हता, त्यामुळे माझ्या पाठीवरची जलपरी जरा ताणली गेली होती. बोटीवर आमच्याशिवाय इंदूरचं एक मोठं कुटुंब होतं आणि ऑफिसातून सुट्टी काढून आलेली काही तरुण मंडळी. बोट निघाली तशी गाणी सुरू झाली. गाणी लावणारा आणि माईकवर बडबड करणारा एकच माणूस होता. त्याला कळलं की आम्ही पनवेलच्या, तर त्याने एक कोळीगीत लावलं, ठेक्याची पार वाट लावून. वाट लावलेली असली तरी ठेका तो ठेकाच. मी नाचले. शेजारीण नाचली, मॅडमसुद्धा हात वर करून नाचल्या, आणि इंदूरच्या बायका आमचं बघून कमरेवर हात ठेवायला लागल्या. वारा खारा होता. मला इतकं बरं वाटत होतं की मी सर्दीचं विसरले आणि एकदा तर तोंड उघडून हसलेही. मग वरची कवळी जराशी हलली आणि मी तोंड मिटलं.

बेटाजवळ बोट थांबली. पाण्यात उतरवणारा माणूस वेंगुर्ल्याकडचा होता, पन्नाशीचा, उन्हाने करपलेला. त्याने सगळ्यांना गोळा करून दाखवलं. लाइफ जॅकेट घालायचं, चष्मा लावायचा, रबर दातांनी धरायचं, नाकाने श्वास घ्यायचा नाही, दोरी सोडायची नाही. पाव कुस्करून टाकला की मासे वर येतात, घाबरायचं नाही. मॅडम पहिल्या उतरल्या. आपण सांगितलं ते आपण आधी करायचं हा त्यांचा गुण आहे आणि तो मला मान्य आहे. परत आल्या तेव्हा चेहरा नुसता फुलला होता. "अप्रतिम," त्या म्हणाल्या. "शब्द नाहीत." मग एकेक जण गेली. कुणी किंचाळत, कुणी देवाचं नाव घेत.

माझा नंबर आला. वेंगुर्लेकराने नळी पुढे केली. मी नळीकडे पाहिलं, मग रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "मला सर्दी आहे. मी वरूनच बघते."

शेजारीण म्हणाली, "काकू, असं काय?" तिचा चेहरा पडला. मी कठड्याला जाऊन उभी राहिले. वरून पाणी हिरवं दिसत होतं आणि उन्हाने त्यावर नुसती चकाकी. खालचं काही दिसत नव्हतं. खाडीत दिसायचं तेवढंच.

तेवढ्यात माईकवर मॅडमचा आवाज आला. गाणी थांबवून त्यांनी माईक मागून घेतला होता. "एक मिनिट सगळ्यांनी इकडे लक्ष द्या. आमच्या एक वहिनी आहेत, त्या पाण्याला घाबरतात. त्यांना हिंमत यायला पाहिजे. त्यांच्यासाठी जोरात टाळ्या होऊन जाऊ दे."

सगळ्या बोटीने टाळ्या वाजवल्या. इंदूरची माणसं म्हणायला लागली, "आंटीजी, डरो मत." ऑफिसातल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मॅडम माझ्याकडे प्रेमाने हसत होत्या. त्यांच्या मनात काळंबेरं काही नव्हतं, आणि तेच जास्त झोंबलं.

मला कुणी गावठी म्हणावं, ते मी ऐकून घेतलं आहे. गाव सुटल्यापासून ऐकतेच आहे. कुणी म्हणावं हिला इंग्रजी येत नाही, हिच्याकडे जमिनीचं आलं म्हणून ही फ्लॅटमध्ये आली, तेही कानावर पडलं आहे. पण पाण्याला घाबरते? मी? डोक्यावर टोपली घेऊन भरतीची खाडी कापणाऱ्या बाईची मी मुलगी. आणि त्या टाळ्या तशाच वाजत राहिल्या असत्या तर मी जन्मभरासाठी पाण्याला घाबरणारी वहिनी झाले असते, तलावाच्या प्रत्येक फेरीला, प्रत्येक कोजागिरीला. कशासाठी? तर तोंडात चार हाडं नाहीत हे कळू नये म्हणून. मला अंगभर राग आला. मॅडमचा आला, पण त्याहून जास्त त्या दोन गुलाबी यंत्रांचा आला. ती माझी चाकरी करायला आणली होती आणि मीच त्यांची चाकरी करत बसले होते.

मी मॅडमसमोर जाऊन उभी राहिले. "मॅडम, हात पुढे करा."

"मंगळसूत्र ना? द्या, मी सांभाळते," म्हणत त्यांनी ओंजळ केली.

"दागिना नाही. माझी कवळी धरा. पडू देऊ नका, दुसरा जोड आणलेला नाही."

त्यांना कळायच्या आत मी खालची काढली आणि त्यांच्या ओंजळीत ठेवली. मग वरची. पाठ न फिरवता, तोंडावर हात न धरता, भर उन्हात, सगळ्या बोटीसमोर. मॅडमनी खाली ओंजळीत पाहिलं. हात मागे घ्यावा तर कवळ्या खाली पडणार, त्यामुळे तो त्यांना घेता येईना. टाळ्या विरळ झाल्या आणि बंद पडल्या. गाणी लावणाऱ्याने घाईने गाणं सुरू केलं. शेजारीण डोळे विस्फारून माझ्याकडे बघत होती. "काकू," ती म्हणाली, आणि मग तिला हसू फुटलं. ती इतकी हसली की खाली बसली. ते हसणं मला लागलं नाही. तिच्या हसण्यात मी होते, तिच्या बाजूलाच.

वेंगुर्लेकराला या सगळ्याचं काही नव्हतं. त्याने चष्मा माझ्या डोळ्यांवर बसवला आणि विचारलं, "काकी, भीती नाय ना?"

दात नसताना त, थ, द ही अक्षरं जिभेला सापडत नाहीत. मला म्हणायचं होतं 'अजिबात नाही', पण त्यातला 'त' कुठेतरी निसटला असता. म्हणून जे बोळक्या तोंडातून स्वच्छ निघतं तेच मी म्हटलं. "नाय."

त्याने नळी दिली. हिरड्यांनी धरली ती सरावात बसली होती तशीच बसली. शिडीवरून उतरले. पाणी गार होतं, खारं होतं, आणि खारं म्हणजे ओठांना लागताच ओळखीचं. मी दोरीला हात घातला आणि पालथी होऊन तोंड खाली केलं.

व्हिडिओत होतं तसं निळं काचेसारखं काही नव्हतं. पाणी हिरवट होतं, जरा धुरकट, पण दिसत होतं. तळ दिसत होता. मोठे खडक, त्यांवर शेवाळ, मध्ये वाळू. कुणीतरी वरून पाव टाकला आणि काळ्या पट्ट्यांचे मासे झुंबडीने आले, माझ्या चष्म्याला येऊन धडकले. माझ्या मनात पहिला विचार कालवणाचा आला, तो लपवण्यात अर्थ नाही. मग मासे गेले आणि एका खडकाच्या कडेला मला चिंबोरी दिसली. आडवी आडवी चालत होती, एक नांगा उचलून, कुणाचं काही देणं लागत नसल्यासारखी. इतक्या चिंबोऱ्या मी पायाखाली ओळखल्या, बिळातून ओढून काढल्या, पण आपल्या घरी असलेली, कुणी हात न लावलेली चिंबोरी मी पहिल्यांदा बघत होते. ती खडकाच्या फटीत गेली. मी तिथे बघत राहिले.

मग मला तोल सावरावा लागला आणि मी पाय खाली सोडले. आणि माझे पाय मला दिसले. माझी पावलं, मिठाच्या पाण्याने फाकलेली बोटं, चिंबोरीने धरल्याची अंगठ्यावरची जुनी खूण. पाण्यात असलेले माझे पाय मी त्याआधी कधी पाहिलेच नव्हते. सगळ्या बालपणात खाडीने त्यांना गिळलेलं असायचं आणि तिथून तेच मला सगळं सांगायचे. आता ते हिरव्या पाण्यात लटकत होते आणि त्यांच्याभोवती बारीक मासे फिरत होते. मला आईला सांगावंसं वाटलं की डोळ्यांनी दिसतं गं. खूप उशीर झाला, गाव गेलं, तू गेलीस, पण दिसतं. मला रडू आलं. तोंडात नळी असताना रडणं फार अवघड असतं, श्वास कुठून घ्यावा कळत नाही, आणि हिरड्यांनी ती सोडली नाही हे त्यांचे उपकार.

वेंगुर्लेकराने खांद्यावर थाप मारली तशी मी डोकं वर काढलं. नळी काढली, चष्मा कपाळावर सारला. कठड्यावर सगळ्या ओणवून बघत होत्या. शेजारणीने फोन धरला होता. "काकू, काढू?" ती म्हणाली, आणि मी हसले, आईसारखी, टाळूपर्यंत. तो फोटो आता माझ्या फोनवर माझ्या नावापुढे आहे. सुनेने पाहिला, नवऱ्याने पाहिला. तो म्हणाला, "अगदी सासूबाई." मला त्याहून मोठं काही नको होतं.

पण ते घरी आल्यानंतरचं. तेव्हा मी पाण्यात होते आणि मॅडम कठड्याशी उभ्या होत्या, ओंजळ अजून तशीच पुढे धरून, अंगापासून जरा लांब. त्यांनी कवळ्या बाकावर ठेवल्या नव्हत्या, कुणाच्या हातात दिल्या नव्हत्या. सांगितल्याप्रमाणे धरल्या होत्या, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. चेहऱ्यावर मात्र तेच, हळदीकुंकवाचं. बघवत नाही, आणि हात भरलेले म्हणून तोंडही फिरवता येत नाही.

"वहिनी, झालं ना बघून?" त्या वरून म्हणाल्या. "या आता वर. घ्या हो हे तुमचं."

मी दोरी पुन्हा धरली. नळी तोंडाशी नेली, मग जरा थांबले, त्यांच्याकडे सरळ वर बघितलं आणि त्या हळदीकुंकवापासून सोसायटीत न वापरलेल्या भाषेत, एकही दात न लागणाऱ्या शब्दांत म्हटलं, "अजून बगायचं हाय."